काका, आम्ही घर सोडतोय

प्रश्न : मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघं कोथरूडमध्ये पावणेतीन वर्षं भाड्यानं राहतोय. खालच्याच मजल्यावर घरमालक काका-काकू राहतात. आमचा फ्लॅट काकूंच्या नावावर आहे, पण व्यवहार सगळा काका बघतात. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले, चालू करार ३१ मेला संपतो. भाडं २२,०५०, डिपॉझिट ६०,०००. मुलगी शाळेतून आली की मी येईपर्यंत काकूंकडेच असते, त्यांना आजी म्हणते. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला गेलंय, म्हणून १ जूनपासून वाकडला घर ठरवलं, टोकनही दिलं. काका-काकूंना यातलं काहीच माहीत नाही. गेल्या आठवड्यात काकांचा व्हॉट्सॲप आला, ‘यंदाही पाच टक्केच वाढवू, एजंटला सांगून ठेवतो.’ मी मीटिंगमध्ये होते, घाईत अंगठा टाकला. तेव्हापासून जिना चढताना चपला हातात घ्याव्यात असं वाटतं. नवरा म्हणतो, करार आपोआप संपतो, नोटीस कशाला? करारात तर एक महिन्याच्या लेखी नोटिशीचं कलम आहे. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देऊच नका, पुण्यात डिपॉझिट कोण परत देतं? आणि सांगायला जाताना आंब्याची पेटी नेऊ का?
– चोरपावलांनी जिना चढणारी, कोथरूड

उत्तर : आधी त्या अंगठ्याचं बघू, कारण झोप त्यानंच उडवलेली दिसते. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यानं करार होत नाही. होतो तो एजंट घरी घेऊन येतो त्या छोट्या यंत्रावरच्या अंगठ्यानं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार, मग तो तुमच्यासारखा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याचा परवाना, असला तरी, लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तेव्हा पुढच्या अकरा महिन्यांना तुम्ही बांधल्या गेलेल्या नाहीत.

पण काकांच्या डोक्यात ते ठरलं आहे, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या दृष्टीनं तुम्ही हो म्हणालात. ते एजंटला फोन करतील, एजंट चलन भरेल. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क साडेसहाशेच्या आसपास जाईल, वर नोंदणी शुल्क १,००० आणि एजंटची फी. रक्कम मोठी नाही, पण ती भरून झाल्यावर ‘काका, जरा बोलायचं होतं’ म्हणायला तोंड राहणार नाही. म्हणून हे उत्तर वाचून झालं की आज-उद्याच जा. शनिवार-रविवारची वाट बघू नका.

आता नवऱ्याचा मुद्दा. तो निम्मा बरोबर आहे, आणि भांडणं या निम्म्यातूनच होतात. लिव्ह अँड लायसन्स हा मुदतीचा परवाना असतो. मुदत संपली की परवाना संपतो, तो संपवायला वेगळी नोटीस लागत नाही. वेगळं रद्दपत्रही करावं लागत नाही. एक महिन्याच्या नोटिशीचं जे कलम असतं, ते बहुतेक करारांत मुदतीच्या आत सोडायचं असेल तर, अशासाठी असतं. पण बहुतेक करारांत म्हणजे तुमच्या करारात असं नव्हे. एजंट लोकांचे मसुदे एकमेकांवरून उतरवलेले असतात आणि कित्येकांत आणखी एक ओळ असते, की नूतनीकरण करायचं नसेल तर तीस दिवस आधी लेखी कळवावं. तुमची प्रत काढा. पहिलं पान, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, आधारच्या झेरॉक्स हे सगळं मागे टाकून अटींच्या पानावर या आणि नोटीस, मुदत, डिपॉझिट, रंग हे चार शब्द जिथे जिथे येतात तिथे पेन्सिलनं खूण करा. ती ओळ असेल तर पत्र एप्रिलमध्येच पोचलं पाहिजे. नसेल तरी एप्रिलमध्येच पोचवा.

का, ते सांगते. तुमचे ६०,००० रुपये काकांच्या कपाटात ठेवलेले नाहीत. ते कुठल्या तरी सहकारी बँकेत एफडीत असतील, किंवा काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले असतील आणि पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून तुमचं द्यायचं असा हिशोब असेल. निवृत्त माणसाची घरं बहुतेक अशीच चालतात, त्यात लबाडी काही नाही. महिनाभर आधी कळलं तर ते एफडी मोडतात किंवा नवा भाडेकरू बघतात. २८ मेला कळलं तर ‘जूनअखेर देतो गं’ म्हणतात, आणि मग तुम्ही वाकडहून दर आठवड्याला फोन करत बसता. पुण्यात डिपॉझिट परत मिळत नाही म्हणतात त्यातली निम्मी प्रकरणं अशी आयत्या वेळची असतात. उरलेल्या निम्म्यांवर येतेच.

मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका. दोन महिन्यांचं भाडं ४४,१०० होतं. ते परस्पर वळतं केलं तर करार तुम्ही मोडलात, काकांनी नाही. वर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला ५ तारखेला भाडं आलं नाही हे कळायला बँकेचा मेसेज लागत नाही, पण त्यावर तो काय म्हणेल हे तुम्हाला जिन्यात ऐकावं लागेल, आणि पोरगी तर दुपारभर त्यांच्याच घरी. काका स्वतःहून म्हणाले, ‘मेचं भाडं राहू दे, डिपॉझिटमधून कापू’, तर आनंदानं हो म्हणा. तेवढं मेसेजवर लिहून घ्या म्हणजे झालं.

सांगायचं कसं? आधी तोंडी, मग कागद. दोन्ही हवेत आणि याच क्रमानं. पत्र आधी दारात पडलं तर काकूंना वाटेल की पोरीनं नोटीस पाठवली. नुसतं तोंडी सांगितलं तर काय होतं, ते मी भोगलंय. खूप वर्षांपूर्वी आम्ही एका वाड्यातल्या दोन खोल्या सोडल्या तेव्हा मालकांना जिन्यातच सांगितलं होतं. ते ‘बरं बरं’ म्हणाले. पुढच्या पंधरवड्यात ते आजारी पडले आणि व्यवहार मुलाच्या हातात गेला. मुलानं विचारलं, नोटीस कुठाय? मालकांना आठवत नव्हतं. एक महिन्याचं भाडं कापलं गेलं. मालक चांगले होते, मुलगाही वाईट नव्हता. त्याच्याजवळ करार होता आणि माझ्याजवळ ‘मी सांगितलं होतं’ एवढंच होतं.

तर संध्याकाळी दोघं जा. मुलीला बरोबर नेऊ नका. तिच्यासमोर आजीला भरून आलं की ती रडणार आणि मग कोणीच तारखेचं बोलणार नाही. काका-काकू दोघंही घरी आहेत ना ते बघा. एकट्या काकांना सांगून ‘काकूंना तुम्हीच सांगा’ असं करू नका. फ्लॅट काकूंचा आहे, आणि पोरीची दुपार सांभाळली तीही त्यांनीच. पहिल्या दोन वाक्यांत मुद्द्यावर या : काका-काकू, आम्ही ३१ मेला घर सोडतोय, वाकडला घर बघितलंय. त्या दिवशी मी घाईत अंगठा टाकला, चुकलंच, एजंटला थांबवा. एवढं बोलून थांबा. पुढचं बोलणं त्यांच्याकडून येऊ द्या.

कारण खरं तेच सांगा. ‘बदली झाली’ वगैरे रचू नका, लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या खरेदीत गाठ पडायचीच. तुमच्याकडे तर सांगण्यासारखं कारण आहे, हिंजवडीला रोज जाऊन येऊन माणूस किती दमतो हे काका रोज रात्री पार्किंगमध्ये बघतातच. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मनात एखादी तक्रार असेलच, पाण्याच्या मोटरची किंवा पाहुण्यांवरच्या चौकशीची. ती या दिवशी काढू नका आणि पत्रात तर मुळीच लिहू नका.

आंब्याची पेटी नको. एका हातात पेटी आणि तोंडात ‘आम्ही चाललो’ हे लाच दिल्यासारखं दिसतं, आणि काकूंच्या घशाखाली तो आंबा उतरायचा नाही. पेटी जाताना द्या. मेअखेरीला आंबा स्वस्तही होतो, हे आपलं जाता जाता.

ते ‘भाडं वाढवू नका हवं तर, पण राहा’ म्हणतील याची तयारी ठेवा. टोकन दिलंय हे लगेच सांगा. ‘बघतो, विचार करतो’ हे दोन शब्द घरात ठेवून या. एक अंगठा निस्तरतोय, दुसरा नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र द्या. वकिली भाषा लागत नाही. साधारण असं लिहा, नावं-आकडे करारातून उतरवा :

‘सौ. … व श्री. … यांस,
आपल्या फ्लॅट क्र. … चा दि. … रोजी नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मे रोजी संपत आहे. आम्ही त्याचं नूतनीकरण करणार नाही. ३१ मे रोजी संध्याकाळी ५ पर्यंत फ्लॅट रिकामा करून ताबा आणि सर्व किल्ल्या आपल्याकडे देऊ. मे महिन्याचं भाडं नेहमीप्रमाणे भरू. ताबा देताना आमची ६०,००० रुपये अनामत रक्कम, त्या दिवसापर्यंतचं वीजबिल वजा करून, परत मिळावी ही विनंती. नव्या भाडेकरूंना घर दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी कळवून संध्याकाळी ६ ते ८ मध्ये जरूर आणावं.’

खाली तारीख आणि करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या सह्या. दोघांची नावं असतील तर दोघांच्या. वर नाव काकूंचं आधी, कारण करार त्यांच्याशी आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात काका-काका आहे, पण उद्या प्रश्न आला तर मालकीण कोण हेच विचारलं जाईल. दोन प्रती काढा. एक त्यांना, दुसरीवर काकूंची ‘पोच’ आणि तारीख. सही मागायला संकोच वाटला तर ‘ह्यांना फाइलला लावायला हवी’ म्हणून नवऱ्यावर ढकला, नवरे अशा वेळी कामाला येतात. तरीही धीर झाला नाही तर त्याच पत्राचा फोटो काकांना व्हॉट्सॲप करा आणि करारात ईमेल दिला असेल तर तिथंही पाठवा. काकांचं ‘ठीक आहे’ आलं की स्क्रीनशॉट ठेवा. करारात ‘रजिस्टर एडीने’ असं असेल तर गोंधळू नका, २०२५ च्या सप्टेंबरपासून टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय. खिडकीवर पोचपावतीसकट पाठवायचंय म्हणून सांगा. खालच्या मजल्यावर पोस्टानं पत्र पाठवणं विचित्र वाटतं, खरंय. तसं आधीच सांगून ठेवा, ‘काका, करारात लिहिलंय म्हणून पाठवतोय, चहाला बोलावल्यावर फाडून टाका.’

एका गोष्टीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुम्ही ती विचारलेलीच नाही. तुमचा करार ३१ मेला संपतो आणि वाकडचं घर १ जूनपासून आहे. म्हणजे ट्रक नेमका कधी निघणार? ३१ ला रात्री? त्या दिवशी अर्धं पुणं घर बदलत असतं, टेंपोवाला सकाळी आठला म्हणून दुपारी दोनला येतो, आणि तुमचं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही हे तेव्हा कळतं. मग सहज म्हटलं जातं, ‘काका, दोन-तीन दिवस जास्त राहिलो तर चालेल ना?’ काकांना चालेलही. पण त्याच भाडे कायद्याचं कलम २४ म्हणतं की लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर जितके दिवस राहाल तितक्या दिवसांची नुकसानभरपाई भाड्याच्या दुप्पट दरानं. मेचे ३१ दिवस धरले तर तुमचं एका दिवसाचं भाडं साधारण ७११ रुपये, दुप्पट झालं की १,४०० च्या वर. काका ते मागणार नाहीत हे मीही जाणते. पण डिपॉझिटवरून कधी वाद निघालाच तर समोरचा सगळ्यात आधी हेच दोन-तीन दिवस काढतो. त्यापेक्षा वाकडच्या मालकाला विचारा, २८ मेला किल्ली मिळेल का. घर रिकामं असेल तर बहुतेक जण देतात, फार तर चार दिवसांचं भाडं मागतील. ते द्या. २९ ला सामान हलवा, ३० ला रिकामं घर झाडून-पुसून घ्या आणि ३१ ला निवांत ताबा द्या. अगदीच नाही जमलं तर जादा दिवसांची संमती, तारीख आणि रक्कम काकूंकडून लिहून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला सामान हलवण्याचा दिवस आधी कळवा, काही सोसायट्या रविवारी लिफ्ट देत नाहीत.

आता डिपॉझिट कापण्याच्या जागा. रंगाचं कलम वाचा. ‘घर सोडताना रंग भाडेकरूने करून द्यावा’ असं स्वच्छ लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ते तुमच्यावर आहे. तेव्हा वाचलं नव्हतं हे कोणी ऐकून घेत नाही. ‘नेहमीच्या वापराची झीज वगळून’ असं असेल तर पावणेतीन वर्षांत पिवळट पडलेल्या भिंतीचे पैसे तुमच्याकडून निघत नाहीत. हॉलमध्ये ठोकलेले खिळे आणि मुलीनं दाराच्या उंचीपर्यंत काढलेली मेणखडूची चित्रं मात्र झीज नव्हेत. खिळे काढा, पुट्टीचं छोटं पाकीट आणून भोकं बुजवा, खडूचे डाग ओल्या फडक्यावर भांड्याचा साबण घेऊन पुसा. एका रविवारचं काम आहे. नाही निघाले तर एका भिंतीच्या रंगाचे पैसे विचारा, अख्ख्या घराचे कबूल करू नका. गीझर, पंखे, किचनमधली चिमणी यांत त्यांचं काय आणि तुम्ही लावलेलं काय, याची यादी कराराला जोडलेली असते. बघून घ्या. तुमचा गीझर न्यायचा असेल तर आधी सांगा, भिंतीला नुसत्या दोन नळ्या लोंबताना दिसल्या की काकांचं मन मोडेल.

विजेचं बिल काकूंच्या नावानं येत असणार. ताबा द्यायच्या दिवशी मीटरवरचं रीडिंग काकांसमोर मोबाइलवर टिपा, मागच्या बिलातल्या रीडिंगपासून युनिट काढा आणि तेवढे पैसे कापू द्या. एप्रिल-मेमध्ये महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं, ते दिसायला वीजबिलासारखंच असतं. ती ठेव ग्राहकाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर जमा राहते. ती तुम्ही भरायची नाही, भरली असेल तर हिशोबात धरायची. हे कित्येक भाडेकरू दरवर्षी मुकाट भरतात.

रिकाम्या घराचा एक व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून बाथरूमच्या नळापर्यंत, नळ चालू करून. मग किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी. काका चेक देणार असतील किंवा बँकेतून पाठवणार असतील तर तुमच्यासमोर पाठवू द्या. एका कागदावर लिहा : ताबा मिळाला, किल्ल्या मिळाल्या, अमुक रक्कम परत दिली, येणं-देणं नाही, आणि दोन्हीकडच्या सह्या. काकांनी त्या दिवशी थोडे पैसे राखून ठेवले तर किती आणि कधीपर्यंत ते त्याच कागदावर येऊ द्या. करारातली तारीख उलटून महिना झाला, फोन उचलले जात नाहीत, अशी वेळ आली तर वकिलाची नोटीस हा पुढचा टप्पा. पण तुमचं पत्र वाचून मला ती वेळ येईलसं वाटत नाही.

आधारचा पत्ता, बँक, गॅसचं कनेक्शन हे जूनमध्ये निवांत करा. मुलीच्या शाळेचा दाखला मात्र निकाल लागला की लगेच मागा, मेच्या सुट्टीत ऑफिस अर्धा दिवसच उघडं असतं.

आणि किल्ल्या मोजून ठेवा. तुमच्याजवळ दोनच सापडल्या तर घर धुंडाळत बसू नका. मुलगी दुपारी दप्तर ठेवायला वर येते ना, तिसरी काकूंच्याच फ्रिजवर असणार. ताबा दिल्याच्या कागदावर मात्र तीन लिहा.